थांबली तर थंड, पळाली तर थंड, चढाला मात्र तापते

मेव्हण्याची ओम्नी गोव्याच्या वाटेवरच्या चोर्ला घाटात तिसऱ्यांदा उकळली आणि त्याचा फोन आला. गाडीबद्दल विचारायला नव्हे, पैसे मागायला. "भावजी, हेड गेलंय म्हणतोय मेस्त्री. साडेचौदा हजार सांगतोय. रताळी निघाली की देतो परत." हेड म्हणजे इंजिनाचा वरचा, सिलिंडर बंद करणारा भाग. मागून पोरांचा गलका ऐकू येत होता. गाडी घाटाच्या कडेला, सगळी मंडळी खाली उतरलेली.

मी बेळगावात उद्यमबागच्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. गाड्यांचा मेस्त्री नाही. पण मोजल्याशिवाय माल परत करायचा नाही ही सवय पंचवीस वर्षांची. म्हटलं, पैसे देतो, खरं हेड उतरवायच्या आधी दोन रविवार मला दे. तो किणयेचा, मी अनगोळचा; गाडी थंड करून, सपाटीच्या रस्त्यानं हळूहळू तो आणू शकत होता. पुढे जे घडलं ते लिहून ठेवतोय, कारण त्यात माझीही एक चूक आहे आणि ती चूक घरी काम करणारे बहुतेक जण करतात.

गाडी कशी होती

२०१२ चं मॉडेल, आठ सीटची, पेट्रोलवर. चंदगड तालुक्यातल्या एका गावातून घेतलेली, म्हणून नंबर एमएच-०९. आमच्याकडं हे नेहमीचंच. शिनोळीच्या पलीकडं गाडी स्वस्त मिळाली की माणूस आधी घरी आणतो आणि कागदाचं नंतर बघू म्हणतो. कागदाचं नंतर सांगतो.

ओम्नीचं इंजिन ७९६ सीसीचं, तीन सिलिंडरचं, पुढच्या सीटखाली. पाणी गार करणारा रेडिएटर मात्र पार पुढं, नाकाशी. म्हणजे पाण्याला जाऊन-येऊन लांबचा प्रवास. हे ध्यानात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

आधीचा मालक हौशी असावा. पुढं स्टीलचा जाडजूड गार्ड, त्यावर दोन जादा लाईट, जाळीसमोर रुंद फॅन्सी नंबरप्लेट, सुरावटीचा प्रेशर हॉर्न, मागं अँप्लिफायर. डॅशबोर्डला भोक पाडून एक साधा खटका बसवलेला आणि त्यावर मार्करनं लिहिलेलं: फॅन. मेव्हण्याला तो खटका सोय वाटायचा. घाट आला की दाबायचा. मला तिथंच पहिली शंका आली, पण मी तिच्या मागं लगेच गेलो नाही. गेलो असतो तर एक रविवार वाचला असता.

आधी प्रश्न

"तापते कधी?" मी विचारलं.

"तापतंय की कवाबी."

असं उत्तर चालत नाही. चहा घेत खोदून विचारलं तेव्हा तीन गोष्टी निघाल्या. सौंदत्तीला यल्लम्माला जाऊन आले, सरळ रस्ता, साठच्या वेगानं, काटा हलला नाही. टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटला गेट पडलं, इंजिन चालू ठेवून बराच वेळ उभे होते. काटा अर्ध्याच्या थोडा वर जाऊन थांबला. आणि गोव्यातल्या साखळीहून बहिणीकडून परत येताना केरी सोडून चढ लागला की चार-पाच किलोमीटरमध्ये काटा लालात. तिन्ही वेळेला तिथंच. उतरून पाणी बघितलं तर अर्धा-पाऊण लिटर कमी.

हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालची पाणी आणि गॅस वेगळे ठेवणारी पट्टी, गेलं असतं तर ते इतकं शिस्तीत वागलं नसतं, असं मला वाटलं. पण वाटण्याला किंमत नाही, म्हणून तपासलं. ऑईलचं झाकण काढून बघितलं: आत दुधाळ चिकटा नाही. सकाळी थंड गाडी सुरू केली: सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, वाफेचा गोड वास नाही. रेडिएटरचं झाकण काढून थंड इंजिन सुरू केलं आणि तोंडात बघत बसलो: सुरुवातीला दोन-चार बुडबुडे, मग शांत. सिलिंडरमधला गॅस पाण्यात जात असेल तर बुडबुडे थांबत नाहीत. शेवटची परीक्षा फुकटची. रात्री गाडी गरम करून झाकण लावून ठेवली आणि सकाळी सुरू करण्याआधी रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाईप, दाबला. मऊ. गॅस्केट फुटून गॅस शिरला असता आणि झाकणानं दाब धरला असता तर तो सकाळीही फुगलेला, कडक लागला असता.

मेस्त्रीचं चुकलं म्हणून त्याला नावं ठेवणार नाही. त्याच्यासमोर उकळलेली गाडी येते, गिऱ्हाईक घाईत असतं, आणि ॲल्युमिनियमचं हेड उकळून वाकतं हेही खरंच. त्यानं फक्त विचारलं नाही. शहरातल्या दुसऱ्या एका गॅरेजनं रेडिएटरला रॉड मारायचे, म्हणजे तो आतून साफ करायचे, अडीच हजार सांगितले होते. त्यानंही विचारलं नव्हतं.

पहिला रविवार: बरोबर काम, चुकीचा शेवट

पाणी का कमी होतं हे लगेच सापडलं. रेडिएटरच्या झाकणाचं रबर बिस्किटासारखं तुटत होतं, स्प्रिंग बोटानं दबत होती. हे झाकण म्हणजे नुसतं बूच नव्हे. त्यावर ०.९ छापलेलं असतं, म्हणजे तेवढा दाब ते आत धरून ठेवतं, आणि त्या दाबाखाली पाणी ११५ अंशांच्या वर जाईपर्यंत उकळत नाही. झाकण मेलं की पाणी उघड्या पातेल्यासारखं वागतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर वर; आपल्या चुलीवर पाणी शंभरला नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपासच उकळतं. म्हणजे मेलेल्या झाकणानं गाडीची अठरा-वीस अंशांची सवलतच गेली होती. नवं झाकण १६० रुपयांचं.

मग पाणी सोडलं. तांबडं, गाळासकट. विहिरीचं भरलेलं असणार. आमच्या नळाला येणारं राकसकोपचं पाणी प्यायला गोड आहे, पण रेडिएटरला तेही नको. क्षार जाळीत बसतात. स्वच्छ पाण्यानं चार वेळा धुतलं. कुलंट, म्हणजे रेडिएटरच्या पाण्यात मिसळतात ते रसायन, जमिनीवर सांडू देऊ नका, चवीला गोड असतं आणि कुत्री-मांजरं चाटून मरतात. शेजाऱ्यांचं मांजर सारखं आमच्या अंगणात असतं, म्हणून बादली लगेच उचलून ठेवली.

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी तापलं की उघडणारी झडप. तिचं घर उघडलं तर आत काहीच नाही. काढून टाकलेला. "गाडी तापते? थर्मोस्टॅट काढ" हा आपल्याकडचा जुना इलाज. त्यानं सपाटीला इंजिन पुरेसं गरमच होत नाही; इंजिन अजून थंड आहे असं समजून कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडत राहतो. मेव्हण्याची तक्रार होतीच की गाडी पेट्रोल पिते. त्याला वाटायचं वय झालं.

नवा थर्मोस्टॅट गॅस्केटसह ४२० ला आणला. त्यावर ८२ कोरलेलं. बसवण्याआधी दोऱ्याला बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडला, कारखान्यातला काचेचा थर्मामीटर शेजारी धरला. पाणी ८२ झालं, ८५, ९०. पाणी उकळायला लागलं तरी बिल्ला जागचा हलेना. नवा कोरा, पाकिटातला, आणि बंद! तसाच बसवला असता तर गाडी घाटात नव्हे, अंगणातच तापली असती. दुकानदारानं आधी कुरकुर केली, मग बदलून दिला. दुसरा ८३ च्या सुमारास उघडायला लागला आणि ९५ पर्यंत पूर्ण उघडला. बायकोनं ते पातेलं पुन्हा दुधाला घेतलं नाही.

सगळं बसवलं, होजच्या क्लिपा नव्या घातल्या, अर्धं कुलंट अर्धं डिस्टिल्ड पाणी करून भरलं, आणि संध्याकाळी राजहंसगडाला निघालो. येळ्ळूरचा हा गड आम्हा लोकांचा घरचा घाट. रस्ता थेट वरपर्यंत जातो, चढ उभा आहे, आणि बिघडली तर गाडी उतारानं घरी येते.

निम्म्यावरच काटा लालात. पूर्वीपेक्षा लवकर. थांबवून इंजिन बंद केलं तर जादा पाण्याच्या छोट्या टाकीतून निम्मं नवं कुलंट रस्त्यावर. मेव्हणा काही बोलला नाही. गडाकडं बघत उभा राहिला. बोलला असता तर बरं झालं असतं.

ही माझी चूक. ओम्नीत पाण्याचा मार्ग लांब, वर-खाली जाणारा. भरताना हवा मधल्या पाईपांत अडकते. पंप हवेला ढकलू शकत नाही, इंजिनाभोवती पाणी फिरतच नाही. मेस्त्री लोक याला एअर लॉक म्हणतात. मी "भरून वर आलं" म्हणजे भरलं असं समजलो होतो.

बुधवारी कारखान्यातून आल्यावर ती हवा नीट काढली. घरासमोरच्या चढावर गाडी नाक वर करून उभी केली, हँडब्रेक आणि मागच्या चाकांना दगड. म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यांत उंच. थंड इंजिन, झाकण काढलेलं, हळूहळू भरत राहायचं आणि दोन्ही होज हातानं दाबत राहायचे. गुडगुड करत हवा वर येते. मग सुरू करून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत थांबायचं. खालचा होज गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला असं समजायचं. पातळी एकदम खाली जाते, पुन्हा भरायचं. मी पाऊण तास घालवला, त्यात आणखी सव्वा लिटर गेलं. सव्वा लिटर हवा घेऊन आम्ही गडावर निघालो होतो.

एक सांगून ठेवतो. हे सगळं झाकण काढायचं काम थंड इंजिनावरच. तापलेल्या गाडीचं झाकण कापड धरून थोडंसं फिरवणारे बरेच जण मी बघितलेत, आणि त्यातल्या एकाचा हातही बघितलाय.

दुसरा रविवार: उदबत्ती

पुन्हा राजहंसगड. या वेळी पाणी उकळलं नाही, एक थेंब कमी झाला नाही. पण चढाला काटा हळूहळू पाऊणपर्यंत गेलाच, आणि वर सपाटीला दोन मिनिटांत खाली आला. म्हणजे झाकण आणि थर्मोस्टॅट हे दोष होते, पण मूळ दुखणं ते नव्हे. राजहंसगड लहान आहे. चोर्ल्याला हा काटा थांबला नसता.

परत येऊन गार्डवर बसलो आणि तिन्ही उत्तरं पुन्हा मांडली. उभी असली तर ठीक. साठला पळाली तर ठीक. वीस-पंचवीसला दुसऱ्या गिअरमध्ये रडते. चढाला इंजिन जादा उष्णता टाकतं आणि गाडी हळू असल्यानं वारा कमी, त्यामुळं थोडी वाढ कुठल्याही गाडीत होणार. पण वारा कमी म्हणूनच तर फॅन असतो. फॅन तर चालू आहे. आवाज येतो, पाती फिरताना दिसतात. मग?

मल्टीमीटर लावला. इंजिन चालू, बॅटरीवर १३.८ व्होल्ट. फॅनच्या जोडावर १०.९. तीन व्होल्ट वाटेतच गेले. वायर उघडली तर आधीच्या मालकानं खटक्यापर्यंत घरच्या बेलला लावतात तसली बारीक वायर नेली होती, तीही फॅनचा सगळा करंट त्या खटक्यातून. खटका हाताला चटका देत होता. अशा वायरनं गाडी पेटते, तापण्याचं सोडा.

आणि फॅनजवळ कंपनीचा जोड वितळलेला. तो कापून वायरी नुसत्या पिळून वर टेप मारलेला.

वायर बदलायला घेणार तेवढ्यात एक विचार आला. तुळशीपुढची उदबत्ती घेऊन आलो, इंजिन चालू, खटका दाबलेला, आणि पुढच्या जाळीसमोर एक वीत अंतरावर धरली. फॅन रेडिएटरच्या मागं असतो, तो हवा पुढून आत ओढतो. धूर जाळीत शिरायला हवा होता.

धूर माझ्या तोंडावर आला.

पुन्हा बघितलं. रद्दीचा कागद जाळीला लावला; चिकटायला हवा, तो उडून गार्डवर पडला. फॅन उलटा फिरत होता. साधी डीसी मोटार आहे, वायरी उलट्या जोडल्या की उलटी फिरते, तक्रार करत नाही. वितळलेला जोड कापून पिळताना कुणीतरी दोन वायरी अदलाबदल केल्या होत्या.

मग सगळं जुळलं. गाडी उभी असताना समोरून वारा नाही. उलटा का होईना फॅन हवा हलवतो, म्हणून काटा अर्ध्याच्या वर जाऊन थांबतो. साठच्या वेगाला समोरचा वारा फॅनला जुमानत नाही. आणि वीस-पंचवीसला वारा हवा मागं ढकलतो, अर्धपोटी फॅन ती पुढं ढकलतो, दोघांचं भांडण जाळीत, आणि हवा जागच्या जागी. त्यात पुढं रुंद नंबरप्लेट. चोर्ल्याच्या चढाला गाडी नेमकी त्याच वेगानं चालते. घाटात फॅनचा खटका दाबून मेव्हणा स्वतःच गाडी तापवत होता! खटका न दाबता गेला असता तर कदाचित कमी तापली असती.

मेव्हण्यानं उदबत्ती माझ्या हातातून घेऊन स्वतः धरली. धूर त्याच्याही तोंडावर आला. "आयला," म्हणाला, आणि मग, "हेड उतरवलं असतं तरी हे तसंच ऱ्हायलं असतं की."

राहिलंच असतं. साडेचौदा हजार जाऊन गाडी पुन्हा केरीच्या वरच थांबली असती.

काय बसवलं, काय काढलं

खटका काढून टाकला. कंपनीच्या वायरिंगमध्ये फॅन रिलेमार्फत, म्हणजे बारीक करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणाऱ्या डबीमार्फत, आपोआप चालू-बंद होतो. तो रिले मेला म्हणून खटक्याचा उद्योग झाला होता. नवा रिले सॉकेटसह १९० चा. जाड करंट त्यातून, रिलेच्या पायांवर नंबर असतात: ३० नंबरला बॅटरीकडून फ्यूज घालून, ८७ वरून फॅनला, ८५-८६ ही नुसती इशाऱ्याची जोडी. वायर अडीच स्क्वेअर मिलीमीटरची, टोकांना धातूचे लग दाबून बसवलेले, पिळलेलं एकही नाही. फॅनच्या वायरींची दिशा सुलट. मीटर लावला: १३.३. उदबत्ती लावली: धूर आत. मेव्हण्याच्या पोरीनं पुढचा अर्धा तास उदबत्ती जाळीसमोर धरून सगळ्या गल्लीला दाखवलं.

हिशेब विचाराल तर झाकण, थर्मोस्टॅट आणि रिले सांगितलंच. क्लिपा १२०, कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी मिळून ७४०, वायर-फ्यूज-लग २३०, टेप आणि पट्ट्या ६०. एकूण १,९२०. वर गडाच्या रस्त्यावर सांडलेल्या कुलंटचे ३२०, ते माझ्या चुकीचे, माझ्याच खिशातून. मीटर घरचा होता. मजुरी दोन रविवार आणि एक बुधवार.

गार्ड, जादा लाईट आणि रुंद प्लेट काढण्यावरून मात्र वाद झाला. गार्ड म्हणजे त्याला गाडीची शान. त्याला सांगितलं की केंद्रानं २०१७ च्या डिसेंबरातच राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला कळवलंय. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीनं दिलेल्या रचनेत असा बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागं ५,००० रुपये दंड, शिवाय तुरुंगवासाचीही तरतूद आहे. सुरावटीचा हॉर्नही नियमात बसत नाही. गोव्यात शिरताना एमएच पाटी, आत कर्नाटकचा ड्रायव्हर, पुढं गार्ड. अडवायला तीन कारणं आपणच टांगून नेतो. गार्ड भंगारात गेला, त्याचे साडेसहाशे आले. हॉर्न मी स्वतः काढला.

कागदांचं सांगतो म्हटलं होतं. दुसऱ्या राज्यात विकलेल्या गाडीला मूळ आरटीओची ना-हरकत लागते, फॉर्म २८. मालकी बदलायला २९ आणि ३०. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथं ठेवायची तर इथला नंबर घ्यायला हवा आणि इथला रोड टॅक्स वयाप्रमाणे भरायला हवा. हा टॅक्स गाडी घेतानाच किमतीत धरायचा असतो; सीमेपलीकडं स्वस्त मिळाली असं वाटतं ते बरेचदा यामुळंच. त्यानं धरला नव्हता. कोल्हापूरची फेरी अजून व्हायची आहे, आणि मूळ मालक सही द्यायला या सोमवारी, पुढच्या सोमवारी करतोय.

एक गोष्ट मी मुद्दाम केलेली नाही. पाण्याच्या पंपाखाली हिरवट वाळलेला डाग दिसला, हाताच्या नखाएवढा. ओला नाही. त्यावर खडूनं गोल करून तारीख लिहून ठेवलीय. गोलाच्या बाहेर गेला तर पंप बदलायचा, आणि ते काम मी अंगणात करणार नाही, मेस्त्रीकडंच देणार. तोच मेस्त्री. उदबत्तीची गोष्ट त्याला सांगितली तेव्हा तो आधी हसला, मग गप्प झाला, मग म्हणाला, "आमच्यातल्याच कुणीतरी पिळली असणार वायर."

परवा सगळी मंडळी साखळीला जाऊन आली. आठ माणसं, वर नारळाचं पोतं. कणकुंबीला चहाला थांबल्यावर फोन आला.

"काटा अर्ध्यावरच हाय भावजी. केरीपासनं वर येईस्तोवर हलला न्हाई."

"पाणी बघितलंस?"

"बघितलो की, गार झाल्यावर. तेवढंच हाय." मग जरा थांबून, "खरं, हॉर्न काढलासा ते बरं न्हाई केलासा. वळणाला कोण बाजूला हुईना झालंय."